हॉयमार्क्टच्या पुढं गाडी जात नाही

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या पोटातून सुमारे चार किलोमीटर लांबीचा एक नवा बोगदा जातो. उत्तरेकडून पाच नंबरची गाडी त्यात शिरते आणि हॉयमार्क्ट नावाच्या स्थानकावर थांबते. दक्षिणेकडून सतरा नंबरची गाडी शिरते आणि झेवेरीनस्ट्रासे स्थानकावर थांबते. ही दोन्ही स्थानकं एकमेकांच्या लगतची, मध्ये तिसरं स्थानक नाही. तरीही हॉयमार्क्टला गाडीत बसून झेवेरीनस्ट्रासेला उतरता येत नाही. पाच नंबर हॉयमार्क्टपर्यंत आली ती डिसेंबर २०१३मध्ये, सतरा नंबर सुरू झाली ती डिसेंबर २०१५मध्ये. तेव्हापासून दोन्ही गाड्या आपापल्या टोकाला येतात आणि आल्या वाटेनं परत जातात.

या दोन टोकांच्या मध्ये वाइडमार्क्ट नावाची जागा आहे. ३ मार्च २००९ रोजी दुपारी दोनला दोन-तीन मिनिटं कमी असताना तिथं जमीन खचली आणि कोलोन शहराचा दप्तरखाना खाली गेला. हजार वर्षांचे कागद आणि शेजारच्या घरातले दोन तरुण त्यात गाडले गेले. जर्मनीसारख्या देशात, जिथल्या अभियंत्यांच्या शिस्तीचे दाखले आपल्याकडे उठताबसता दिले जातात, हे कसं घडलं याचा शोध पुढं अकरा वर्षं चालला. त्यातून जे बाहेर आलं त्यात अभियांत्रिकीचं गूढ फारसं नव्हतं. एका भिंतीच्या कामाची खोटी नोंद, आणि ती नोंद खरी आहे का हे न पाहणारी यंत्रणा, एवढाच त्या गोष्टीचा गाभा होता. ज्या शहरानं हजार वर्षं नोंदी जपल्या, त्याचा दप्तरखाना खोट्या नोंदींनी बुडवला.

ट्राम, पण भुयारातली

हॉयमार्क्ट म्हणजे जुना गवताचा बाजार. ऱ्हाइन नदीपासून चार पावलांवरचा प्रशस्त चौक, मधोमध प्रशियाच्या राजाचा घोड्यावरचा भव्य पुतळा, कडेला बिअर गाळणारी जुनी ब्रॉयहाउसं. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कोलोनच्या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो, तेव्हा या चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. चौकाच्या कडेनं जमिनीवरून एक, सात आणि नऊ नंबरच्या ट्राम धावतात आणि डॉइट्झच्या पुलावरून नदीपलीकडं जातात.

भुयारातलं स्थानक यांच्या खाली. लांबच लांब सरकत्या जिन्यांनी उतरत जावं तसं छत उंच होत जातं. उघडं काँक्रीट, भरपूर उजेड आणि त्या मानानं फारच थोडी माणसं. वर चौकात गजबज आणि खाली एखाद्या मोठ्या रेल्वे टर्मिनसला शोभेल अशा दालनात एक ट्राम दोन डब्यांनिशी उभी. गाडी रिकामी होते, चालक एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो, गाडी उलटी निघते. हे स्थानक शेवटचं म्हणून बांधलेलंच नव्हतं. शहराच्या उत्तर-दक्षिण मार्गावरचं ते सर्वांत महत्त्वाचं अदलाबदलीचं ठाणं व्हायचं होतं.

इथं धावते तिला मेट्रो म्हणता येत नाही, निव्वळ ट्रामही म्हणता येत नाही. जर्मन लोक तिला स्टाटबान म्हणतात, म्हणजे शहरगाडी. उपनगरात ती रस्त्यावरून, सिग्नलला थांबत जाते, गर्दीच्या भागात आली की उतारावरून भुयारात शिरते आणि पलीकडं पुन्हा वर येते. मुंबईकरांच्या पिढ्या ज्या ट्रामनं फिरल्या ती ३१ मार्च १९६४ला बंद झाली. त्याच दशकात पश्चिम जर्मनीतल्या शहरांपुढंही तोच प्रश्न होता, की मोटारी वाढल्या आणि ट्राम त्यांच्या वाटेत येऊ लागली. कोलोननं ट्राम मोडीत काढली नाही, जमिनीखाली घातली. ११ ऑक्टोबर १९६८ला भुयाराचा पहिला तुकडा सुरू झाला. त्यामागं ट्रामवरचं प्रेम किती आणि मोटारींना रस्ता मोकळा करून देण्याची घाई किती, यावर तिथं आजही वाद होतात. केंद्र सरकारनं सत्तरच्या दशकात अशा भुयारांसाठी कायदा करून भरघोस पैसा दिला आणि एकामागून एक शहरं खणू लागली.

या तुकड्या-तुकड्यानं झालेल्या कामाची खूण हॉयमार्क्टवर दिसते. कोलोनमध्ये दोन जातीच्या गाड्या आहेत, काहींची जमीन खाली, काहींची उंच. वर चौकातले फलाट बुटके, साधारण ३५ सेंटिमीटर उंचीचे. भुयारातले फलाट ९० सेंटिमीटरचे. त्यामुळं एका मार्गावरची गाडी सहजासहजी दुसऱ्या मार्गावर घालता येत नाही. नव्या उत्तर-दक्षिण मार्गानं निदान शहराचा जुना गाभा आणि दक्षिणेची दाट वस्ती सरळ रेषेत जोडली जाईल, बॉनहून येणारी सोळा नंबरची गाडी थेट मुख्य रेल्वे स्थानकाशी येईल, अशी योजना होती. ब्रेसलाउअर प्लाट्झपासून मार्क्टस्ट्रासेपर्यंतच्या या मार्गाचं काम शतक बदलता बदलता हाती घेतलं गेलं आणि २००४पासून त्यानं वेग घेतला.

नदीच्या जुन्या पात्रावर

या शहराखालची जमीन कशी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. इसवी सन ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसनं आपली पत्नी अग्रिपिना हिच्या जन्मगावाला वसाहतीचा दर्जा दिला. त्या वसाहतीचं, म्हणजे कोलोनियाचं, आजचं रूप कोलोन. रोमन तटबंदीच्या पूर्वेला ऱ्हाइनचा एक फाटा वाहायचा आणि त्याच्या पलीकडं बेट होतं. हा फाटा हेच रोमन बंदर. तो गाळानं भरत गेला, पुढं बुजला, त्यावर बाजार भरू लागले. आजचा आल्टर मार्क्ट आणि हॉयमार्क्ट हे चौक अशा नदीकाठच्या भरावाच्या पट्ट्यात येतात. झेवेरीनस्ट्रासे हा रस्ता तर रोमन सैन्याचा बॉनकडं जाणारा राजमार्ग.

त्यामुळं भुयार खणायच्या आधी पुरातत्त्व खात्याची माणसं खड्ड्यात उतरली. जवळजवळ दहा वर्षं, सुमारे ३० हजार चौरस मीटर क्षेत्रावर हे उत्खनन चाललं. जर्मनीतल्या शहरांत झालेल्या सर्वांत मोठ्या उत्खननांपैकी हे एक. बंदराच्या गाळात लाकूड, चामडं, हाडं टिकून राहिली होती. एका रोमन होडीचा तळ मिळाला. कॅथेड्रलच्या जवळ मध्ययुगातल्या स्फटिक-कारागिरांची कर्मशाळा सापडली, तिथं घडाई करताना उडालेले स्फटिकाचे हजारो तुकडे जमिनीत तसेच होते. युरोपातल्या चर्चमधल्या मौल्यवान वस्तूंवर जडवलेले स्फटिक कुठं घडत असतील, या प्रश्नाला त्यामुळं एक ठोस पत्ता मिळाला.

गाळ, रेती, गोटे आणि त्यांतून झिरपणारं पाणी. ऱ्हाइनची पातळी वाढली की शहराखालच्या पाण्याची पातळी वाढते. रेतीत पाणी असलं की ती घट्ट वाटते, पण तिला वाट मिळाली की ती पाण्याबरोबर वाहू लागते. अशा जमिनीत खणणं अशक्य नाही, जगभर खणतात. मात्र खड्ड्याच्या भिंतीतून पाणी आत येता कामा नये, ही एक अट कोणत्याही परिस्थितीत पाळावी लागते.

पहिला इशारा सप्टेंबर २००४मध्ये मिळाला. याच मार्गावरच्या सेंट योहान बाप्टिस्ट या चर्चचा मनोरा एका रात्रीत कलला. कामाच्या आड येणाऱ्या वाहिन्यांसाठी चाललेल्या खोदाईमुळं पायाखालची माती सरकली होती. पाऊण मीटरच्या आसपास झुकलेला मनोरा पाहायला लोक लोटले, पोस्टकार्डांवर छापावं असं दृश्य झालं. टेकू लागले, पुढच्या वर्षी जॅक लावून मनोरा सरळ केला गेला आणि काम पुढं सुरू झालं. कोलोनच्या लोकांमध्ये एक म्हण आहे, आजवर सगळं नीट निभावलं आहे. कार्निव्हलच्या दिवसांत ती हसत म्हणतात. मनोऱ्याच्या वेळी ती खरी ठरली आणि तेच वाईट झालं.

अकरा नंबरचं पॅनेल

वाइडमार्क्टला स्थानक होणार नव्हतं. गाडीला एका रुळावरून शेजारच्या रुळावर जाता यावं म्हणून तिथं रूळबदलाची जागा करायची होती. दोन्ही बोगदे यंत्रानं आधीच पोखरून झाले होते. आता वरून सुमारे २८ मीटर खोल खड्डा घेऊन दोन्हींना जोडणारं दालन बांधायचं होतं. खड्ड्याच्या काठावर झेवेरीनस्ट्रासेच्या बाजूला १९७१मध्ये बांधलेली दप्तरखान्याची इमारत.

असा खड्डा घेताना आधी भिंत बांधतात आणि मग माती काढतात. मुंबईतल्या मेट्रोच्या कामांमुळं डायफ्रॅम वॉल हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. जमिनीत साधारण एक मीटर रुंदीची अरुंद, खोल चर यंत्राच्या जबड्यानं खणायची, ती कोसळू नये म्हणून बेंटोनाइटच्या घट्ट द्रावणानं भरून ठेवायची, मग सळ्यांचा पिंजरा आत सोडायचा आणि तळापासून काँक्रीट ओतत द्रावण वर ढकलायचं. हे सगळं तुकड्या-तुकड्यानं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅनेल. दोन पॅनेलमधला सांधा हा या भिंतीचा सर्वांत नाजूक भाग. तो जमिनीखाली असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो नीट झाला की नाही हे फक्त काम करणारा मुकादम, यंत्रावरचा माणूस आणि त्यांनी लिहिलेली नोंद यांनाच ठाऊक असतं.

२००५मध्ये अकरा नंबरचं पॅनेल खणताना जबडा खाली एका अडथळ्याला लागला. मोठा दगड असावा. यंत्राचे दात तुटले, काम रेंगाळलं. अडथळा पूर्ण काढायला हवा होता, किंवा निदान वर कळवून उपाय विचारायला हवा होता. न्यायालयासमोर आलेल्या तज्ज्ञांच्या निष्कर्षानुसार यातलं काही झालं नाही. दगडाच्या आड माती तशीच राहिली आणि काँक्रीट तिथपर्यंत पोचलंच नाही. भिंतीत जमिनीखाली खोलवर एक फट राहून गेली, जिच्यात काँक्रीटऐवजी माती होती.

ही फट तीन वर्षांहून अधिक काळ गप्प राहिली, कारण खड्डा अजून तिच्या पातळीपर्यंत पोचला नव्हता. २००९च्या सुरुवातीला खोदाई तळाला आली. एका बाजूला आता खड्ड्याची पोकळी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली रेती आणि तिच्यावर सहा-सात मजल्यांचा कागदांनी लादलेला बोजा. धान्याच्या पोत्याला तळाशी छिद्र पडावं तशी दप्तरखान्याच्या पायाखालची रेती त्या फटीतून पाण्याबरोबर खड्ड्यात वाहून आली.

तळाशी काम करणाऱ्या मजुरांना पाणी येताना दिसलं. ते वर पळाले आणि ओरडून माणसांना बाहेर काढू लागले. दप्तरखान्यातले कर्मचारी आणि वाचक काही मिनिटांत बाहेर पडले, इमारत त्यांच्यामागं कोसळली. अभ्यासाला आलेले संशोधक वाचले ते या मजुरांमुळं. शेजारच्या दोन इमारतीही ओढल्या गेल्या. त्यांतल्या एका घरात असलेले दोघं, एक १७ वर्षांचा आणि एक २४ वर्षांचा, वाचू शकले नाहीत. त्यांचे मृतदेह ढिगाऱ्यातून काढायला काही दिवस लागले.

रिंगा आणि रजिस्टर

तपास सुरू झाला तेव्हा खड्ड्यातून आणखी गोष्टी वर आल्या. भिंतीच्या सळ्यांच्या पिंजऱ्यांना बांधायच्या लोखंडी रिंगा अनेक ठिकाणी बसवलेल्याच नव्हत्या. त्या भंगारात विकल्या गेल्या होत्या. दप्तरखाना कोसळायला या चोरीचं कारण नव्हतं, तज्ज्ञांनी ते स्पष्ट केलं. पण चोरी महिनोन् महिने चालली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, यातून देखरेखीची अवस्था कळली. काँक्रीट किती ओतलं, मोजमाप काय आलं, याच्या नोंदींमध्ये फेरफार आढळले. काही ठिकाणी एका पॅनेलचे आकडे दुसऱ्या पॅनेलखाली उतरवलेले होते. खड्ड्यातलं पाणी उपसायला परवानगीपेक्षा जास्त विहिरी घेतल्याचंही उघड झालं.

रिंगांचा प्रश्न हॉयमार्क्टपर्यंत पोचला. तिथल्या खड्ड्याच्या भिंतीतही रिंगा कमी निघाल्या आणि नोंदी संशयास्पद ठरल्या. २०१०च्या फेब्रुवारीत, ऐन कार्निव्हलच्या तोंडावर, शहराला हा हिशेब मांडावा लागला की ऱ्हाइनला मोठा पूर आला तर ही भिंत टिकेल का. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं तर हॉयमार्क्टचा खड्डा मुद्दाम पाण्यानं भरून आतला आणि बाहेरचा दाब सारखा करायचा, अशी तयारी ठेवली गेली. पुढं तपासण्या झाल्या, भिंतींना आधार दिले गेले, मग स्थानक पुरं झालं. आज ज्या उंच, उजळ दालनात प्रवासी उतरतात ते एकेकाळी बुडवून ठेवायच्या तयारीत असलेला खड्डा होतं.

यात सर्वांत मोठा दोष व्यवस्थेच्या रचनेत होता. काम करवून घेणारी मालक संस्था म्हणजे शहराची वाहतूक कंपनी के.व्ही.बी. आणि जागेवर देखरेखीची जबाबदारीही बहुतांशी तिच्याकडेच सोपवलेली. ठेकेदार नोंद लिहिणार, मालक ती फायलीला लावणार आणि तपासणाराही मालकच. स्वतःच्या कामात दोष काढून स्वतःचंच वेळापत्रक मोडणारा तपासनीस जगात कुठंही विरळाच. कोलोनमध्ये तो नव्हता.

गोठवलेले कागद

पुण्याचं पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिलंय त्यांना हजारो रुमालांतला मोडी कागद डोळ्यांपुढं आणता येईल. कोलोनच्या दप्तरखान्यात मांडण्या एकापुढं एक लावल्या तर लांबी ३० किलोमीटरच्या आसपास भरत असे. आल्प्सच्या उत्तरेकडच्या सर्वांत श्रीमंत नगर-दप्तरांपैकी तो एक. सर्वांत जुना दस्तऐवज ९२२ सालचा. सनदा, करार आणि खरेदीखतं मिळून सुमारे ६५ हजार. तेराव्या शतकातले विद्वान आल्बर्टुस मॅग्नुस यांचं स्वहस्ताक्षर. १३९६मध्ये व्यापारी आणि कारागीर संघांनी मूठभर घराण्यांची सत्ता मोडून शहराचा कारभार कसा चालेल हे लिहून काढलं, ते फेर्बुंटब्रीफ नावाचं करारपत्र. नोबेल मिळवणारे कादंबरीकार हाइनरिश ब्योल यांचे कागद तर दुर्घटनेच्या काही आठवडे आधी इथं सुरक्षित जागा म्हणून आणून ठेवले होते.

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावानं कोलोनचा जुना भाग जवळजवळ सपाट झाला. दप्तर मात्र वाचलं, कारण ते आधीच शहराबाहेर हलवलं होतं. युद्धात जे टिकलं ते शांततेत, ट्रामच्या कामात, चिखलात गेलं.

पुढचे अनेक महिने अग्निशमन दल, आपत्ती-निवारण दल आणि जर्मनीभरातून, बाहेरूनही आलेले स्वयंसेवक ढिगारा उपसत होते. दप्तराचा काही भाग भूजलाच्या पातळीखाली होता. तिथली शोधमोहीम २०११पर्यंत चालली. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून तो धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लगेच गोठवला गेला. गोठलेल्या कागदाला निर्वात खोलीत ठेवलं की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि शाई पसरत नाही. या पद्धतीनं पानं कोरडी झाली, पण त्यांवर सिमेंटची धूळ होती, कडा फाटल्या होत्या आणि अनेकांचे बारीक बारीक तुकडे झाले होते. या तुकड्यांना तिथले लोक कोलोनचे कण म्हणतात. कुठला कण कुठल्या पानाचा हे ओळखायला संगणकाची मदत घ्यावी लागते.

एकूण दप्तराच्या ९५ टक्क्यांच्या आसपास भाग सापडला, ही बातमी आनंदाची. पण सापडणं आणि वाचता येणं यांत दशकांचं अंतर आहे. जीर्णोद्धाराचं काम आणखी पुढची एक पिढी तरी पुरेल. काही मध्ययुगीन दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्म आधीच काढून ब्लॅक फॉरेस्टमधल्या बार्बाराश्टोलन या जुन्या खाणीत, देशाच्या सुरक्षित साठ्यात ठेवल्या होत्या, त्यामुळं निदान मजकूर उरला. सप्टेंबर २०२१मध्ये आयफेलवाल इथं दप्तरखान्याची नवी इमारत उघडली. दप्तराला पुन्हा स्वतःचं घर मिळायला बारा वर्षं लागली.

जबाबदारीचा हिशेब

महापौर फ्रिट्झ श्रामा यांनी दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच पुन्हा निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं. राजकीय किंमत एवढीच. फौजदारी बाजू फार हळू चालली. कारण ठरवायचं तर खड्ड्याच्या तळाशी, पाण्याखाली, भिंतीचा तोच सांधा उघडून पाहायला हवा होता. त्यासाठी दुर्घटनेच्या जागी दुसरा एक तपासखड्डा बांधावा लागला आणि पाणबुडे उतरवून, थर काढत तज्ज्ञांनी तो सांधा शोधला. जिथं गाडी धावायची होती तिथं अनेक वर्षं पुरावा गोळा होत राहिला. हॉयमार्क्टच्या पुढं गाडी न जाण्याचं मुख्य कारण हे.

ऑक्टोबर २०१८मध्ये कोलोनच्या न्यायालयानं तिघांना निर्दोष ठरवलं आणि वाहतूक कंपनीच्या एका देखरेख-कर्मचाऱ्याला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. पुढच्या वर्षी बांधकामाच्या एका वरिष्ठ प्रमुखाला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. २०२१मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल रद्द करून फेरसुनावणीला पाठवले. अखेर २०२४मध्ये काही रक्कम भरण्याच्या अटीवर प्रकरण मिटवलं गेलं. दोन मृत्यूंसाठी कुणीही तुरुंगात गेलं नाही.

पैशाचा निवाडा अधिक स्पष्ट झाला. शहरानं नुकसान १ अब्ज युरोहून अधिक सांगितलं होतं. २०२०मध्ये बांधकाम कंपन्यांच्या समूहानं ६० कोटी युरो देऊन तडजोड केली आणि तुटलेला भाग दुरुस्त करण्याची जबाबदारीही पत्करली. खटला लांबला असता तर आणखी वर्षं गेली असती, म्हणून शहरानं ती मान्य केली. एका पॅनेलमधला दगड काढण्यासाठी काही दिवस काम थांबवायचा खर्च किती आला असता, याचा विचार त्या ६० कोटींच्या शेजारी ठेवून करावा.

दरम्यान हॉयमार्क्टच्या उत्तरेकडच्या भागानंही आपली गाऱ्हाणी सांगितली. डिसेंबर २०१२मध्ये पाच नंबरची गाडी हॉयमार्क्टच्या अलीकडच्या राटहाउस स्थानकापर्यंत सुरू होताच कॅथेड्रलमध्ये कंपनं जाणवू लागली. १२४८मध्ये पाया घातलेल्या, १८८०मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीसाठी गाडीचा वेग कमी करावा लागला. मापन केलं, उपाय केला, लोकांना सांगितलं. देखरेख म्हणजे काय, हे शहर शिकलं होतं असं म्हणायला निदान इथं जागा आहे.

नागरिकांनीही प्रश्न सोडून दिला नाही. दुर्घटनेनंतर उभ्या राहिलेल्या ‘क्योल्न कान आउख आंडर्स’ या गटानं कारभार पारदर्शी करण्याचा आग्रह धरला, ‘आर्खिफकोम्प्लेक्स’ या गटानं ती जागा स्मरणस्थळ म्हणून राहावी यासाठी पाठपुरावा केला. दर ३ मार्चला तिथं लोक जमतात. बोगद्याचं बंद तोंड उघडून गाड्या सलग धावायला अजून काही वर्षं लागतील.

आणि याच काळात हॉयमार्क्टच्या आजूबाजूला नव्या भुयाराची चर्चा रंगली. वरून धावणाऱ्या एक, सात, नऊ या मार्गांसाठी पूर्व-पश्चिम बोगदा. त्याच्या बाजूनं महापालिकेच्या सभेनं २०२५मध्ये कौल दिला. विरोधकांचा मुद्दा असा की शहर पंधरा वर्षांपूर्वीचा खड्डा अजून भरतंय. समर्थकांचा मुद्दा असा की चौकातली ट्रामची गर्दी आता वर मावत नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

आपल्या पायाखाली

मुंबईची मेट्रो-३ आता आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली आहेत आणि हा मार्ग गिरगाव, काळबादेवी, फोर्ट अशा जुन्या वस्तीखालून जातो. हुतात्मा चौक स्थानकातून वर आलं की चालत जाण्याच्या अंतरावर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत लागते, महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार तिथंच आहे. फोर्टमधल्या जे. एन. पेटिट संस्थेच्या जुन्या वास्तूला धोका होतो म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि न्यायालयानं त्या भागातल्या कामावर काही काळ रोख लावली होती. पुण्यातही सप्टेंबर २०२४पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी पेठांच्या खालून धावते. मे २०२५मध्ये आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचं पाणी घुसलं तेव्हा कोलोनची आठवण होणं स्वाभाविक होतं, पण ते पाणी अर्धवट बांधलेल्या प्रवेशमार्गातून आलं होतं. कोलोनच्या फटीशी त्याची तुलना करणं चूक. तुलना करायची तर कामाच्या नोंदींची करावी.

जुन्या शहराखाली खणू नये, असं कोलोन सांगत नाही. हॉयमार्क्टचं स्थानक सुंदर आहे, उद्या त्याच्यातून गाड्या सलग धावतील तेव्हा लाखो लोकांचा वेळ वाचेल. त्यातून घ्यायचा बोध साधा आहे. जमिनीखालचं काम दिसत नाही, ते फक्त नोंदीत दिसतं. म्हणून नोंद लिहिणारा, काम करणारा आणि तपासणारा हे तीन वेगळे हवेत, तपासणाऱ्याला काम थांबवायचा अधिकार हवा आणि जमीन किती खचली, पाणी किती उपसलं, कुठल्या पॅनेलला अडथळा आला हे आकडे नागरिकांना रोजच्या रोज पाहता यायला हवेत. आपल्या घराखालून, शाळेखालून, दप्तरखान्याच्या शेजारून मेट्रो जाणार असेल तर हे आकडे मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.